फेर मोडता कामा नये
महाराष्ट्रातील विरंगुळ्याची नृत्ये

श्रोतेहो, नृत्य हा शब्द उच्चारताच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे रंगमंच उभा राहतो. पडदा वर जातो, दिव्यांचा झोत पडतो, नर्तकी प्रवेश करते आणि समोर बसलेले शेकडो प्रेक्षक स्तब्ध होऊन पाहू लागतात. ही कल्पना चुकीची नाही. कथक, भरतनाट्यम् यांसारख्या शास्त्रीय नृत्यांना वर्षानुवर्षांची साधना लागते. पुण्यात रोहिणी भाटे यांनी १९४७ साली 'नृत्यभारती'ची स्थापना करून कथकची जी परंपरा महाराष्ट्रात रुजविली, ती अशाच साधनेची होती. फडावरील लावणी हीदेखील जाणत्या कलावंताने सादर करावी आणि रसिकांनी दाद द्यावी अशीच कला आहे. या सर्व प्रकारांत नाचणारा एका बाजूस आणि पाहणारा दुसऱ्या बाजूस असतो, आणि त्या दोघांमध्ये रंगमंचाची कड असते.

परंतु महाराष्ट्रात नृत्याचा आणखी एक मोठा प्रवाह आहे, आणि त्यात ही कडच नाही. तेथे प्रेक्षक नसतो, किंवा असला तरी तो थोड्याच वेळात उठून फेरात सामील होतो. या प्रवाहाची ओळख मराठी भाषेने फार पूर्वीच करून ठेवली आहे. आपल्याकडे लेझीम 'खेळतात', टिपऱ्या 'खेळतात', झिम्मा 'खेळतात', भोंडला 'खेळतात', मंगळागौर 'खेळतात'. कोकणातील शिमग्याच्या नाचाचे तर नावच मुळी 'खेळे' असे आहे. क्रियापद नाचण्याचे नसून खेळण्याचे आहे. दिवसभराच्या श्रमानंतर, सुगीनंतर किंवा सणाच्या रात्री माणसांनी एकत्र जमून स्वतःच्या आनंदासाठी करावयाची ही गोष्ट होय. तिच्यासाठी तिकीट लागत नाही आणि गुरूचा गंडाही बांधावा लागत नाही. मोठ्यांच्या फेरात लहान मूल शिरते आणि चारदोन वर्षांत तेच मूल फेराचा भाग होऊन जाते.

मध्यभागी तारपा

फेर म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी पालघर जिल्ह्यातील वारली पाड्यांकडे वळले पाहिजे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा निर्माण झाला. जव्हार, डहाणू, तलासरी, विक्रमगड या त्याच्या तालुक्यांत भात पिकू लागले की तारप्याचे सूर ऐकू येऊ लागतात. वाळविलेला दुध्या भोपळा, त्याला मेणाने बसविलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा एवढीच या वाद्याची सामग्री. सारे काही शेताच्या बांधावर आणि जवळच्या रानात मिळणारे. मात्र भोपळा योग्य आकाराचा निवडणे, नळ्यांची भोके सुरात पाडणे आणि मेणाने फट न ठेवता सांधे जुळविणे यासाठी जाणकार हात लागतो.

तारपा वाजविणारा मध्यभागी उभा राहतो. त्याच्याभोवती तरुण स्त्रीपुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी करतात. साखळीच्या टोकाशी असलेल्या नर्तकाच्या हाती घुंगुरकाठी असते आणि तिच्या आघाताने तो पावले सांभाळतो. तारपेकरी सूर बदलतो तशी पावले बदलतात, गती वाढते, साखळी गोगलगाईच्या शंखाप्रमाणे आत वळते आणि पुन्हा उलगडते. तारप्याकडे पाठ फिरवावयाची नाही, असा या नाचाचा संकेत आहे. नाचणाऱ्यांचे लक्ष आत, वाद्याकडे आणि एकमेकांकडे असते. बाहेरच्या कोणास काही दाखवावे, हा हेतूच त्यात नाही.

वारली घरांच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने रेखाटलेल्या चित्रांत हाच फेर पुन्हापुन्हा येतो. डहाणू तालुक्यातील गंजाड परिसरातील जिव्या सोमा म्हशे यांनी ही चित्रकला जगापुढे नेली. २०११ साली त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले आणि २०१८ साली त्यांचे निधन झाले. आज वारली चित्रातील तारप्याचा फेर पिशव्यांवर, कपबश्यांवर आणि शहरांतील भिंतींवर सर्वत्र दिसतो. तो पाहणाऱ्या किती जणांनी प्रत्यक्ष तारपा ऐकला असेल, हा प्रश्न मात्र विचार करावयास लावणारा आहे.

स्त्रियांचे हक्काचे अंगण

तारप्याच्या जागी पाटावरील हत्तीचे चित्र ठेवले की भोंडला होतो. आश्विनात सूर्य हस्त नक्षत्रात आला की मुली पाटावर हत्ती काढून किंवा मांडून त्याभोवती फेर धरतात, गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखण्याची गंमत करतात. कोठे त्यास हादगा म्हणतात, तर विदर्भ-खानदेशाकडे याच सुमारास मुली भुलाबाई मांडून टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणी गातात. याच दिवसांत गुजराती समाजाचा गरबाही दिव्याभोवती फिरत असतो. गुजरातच्या गरब्याचा युनेस्कोने २०२३ साली मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. मुंबईच्या चाळींत भोंडला आणि गरबा हे दोन्ही फेर वर्षानुवर्षे शेजारीशेजारी खेळले गेले आहेत.

श्रावणातील मंगळागौर हे याहून मोठे प्रकरण. लग्नानंतरची पहिली पाच वर्षे नववधूने श्रावणातील मंगळवारी मंगळागौर पूजावी आणि रात्र जागवावी, ही रीत. या जागरणातून खेळांचे जे भांडार निर्माण झाले ते थक्क करणारे आहे. एकट्या फुगडीचेच प्रकार पाहिले तरी साधी फुगडी, एका हाताची फुगडी, बसफुगडी, दंडफुगडी, लोळणफुगडी, जाते-फुगडी अशी यादी लांबत जाते. शिवाय झिम्मा, पिंगा, कोंबडा, गाठोडे, आगोटा-पागोटा हे आहेतच. सासू-सुनेचे लटके भांडण नाचत नाचत मांडण्याचा खेळही आहे. ज्या काळी सुनेला सासरी मोठ्याने हसण्याचीही चोरी होती, त्या काळी वर्षातील एका रात्री तिला अंगण मोकळे मिळत होते. मनातले बोलण्याची तेवढी एक सोय या खेळांनी करून ठेवली होती.

फुगडीचे तंत्रही समजून घेण्याजोगे आहे. दोघींनी हात घट्ट धरावयाचे, पावले जवळ ठेवावयाची आणि अंग मागे झुकवून गरगर फिरावयाचे. फिरण्याचा वेग दोघींना बाहेर ओढत असतो आणि हातांची पकड त्यांना सांभाळून धरते. एकीने हात सोडला तर दोघीही पडतात. म्हणून फुगडी अनोळखी माणसाबरोबर घालता येत नाही, आणि एकदा घातल्यावर ते माणूस अनोळखी राहत नाही. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांचा विसावा झाला की साठी-सत्तरी ओलांडलेल्या आजीबाईही फुगडी धरतात आणि तेथे वय, गाव, जात यांची चौकशी कोणी करीत नाही.

गोव्यात पौषातील चांदण्या रात्री स्त्रिया 'धालो' खेळतात. त्यासाठी गावात 'मांड' म्हणून पवित्र मानलेली जागा राखलेली असते. समोरासमोर दोन ओळी करून, एकमेकींच्या कमरेस हात घालून, गाण्याच्या तालावर पुढेमागे होत या स्त्रिया रात्री जागवितात. नाचासाठी गावाने कायमची जागा राखून ठेवावी, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

श्रमाच्या तालावर

पुरुषांच्या फेरांत त्यांच्या कामाच्या खुणा स्पष्ट दिसतात. कोळी नृत्यात वल्ही मारण्याचा आणि जाळे ओढण्याचा अभिनय येतो. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करताना कोळीवाड्यांत जो आनंदोत्सव होतो, त्यात स्त्रीपुरुष दोघेही नाचतात. सांगली, सोलापूर, कोल्हापूर भागांतील धनगर समाजाचे गजनृत्य हे मोठ्या ढोलांचे आणि संथ, डौलदार पावलांचे. पांढरा पोशाख, डोक्यास फेटा आणि हातांत रंगीत रुमाल असा या नर्तकांचा वेष असतो. मेंढरे घेऊन दूरदूर फिरणारी ही माणसे बिरोबाच्या जत्रेला एकत्र येतात, तेव्हा ढोलाभोवतीचा फेर हा त्यांचा वर्षभराच्या भेटीगाठींचा सोहळाच असतो.

सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यातील काठीची होळी अशीच प्रसिद्ध आहे. मोरपिसांचे उंच टोप घातलेले, अंगावर नक्षी रेखाटलेले आणि कमरेस भोपळे व घुंगरू बांधलेले नर्तक होळीच्या रात्री पहाट होईपर्यंत ढोलाच्या तालावर नाचतात.

कोकणातील जाखडीची कथा थोडी निराळी आहे. रत्नागिरी जिल्ह्यात तिला बाल्यानाच असेही म्हणतात. मृदंग वाजविणारा आणि गाणारा मध्ये बसतात आणि पायांत चाळ बांधलेले नर्तक त्यांच्याभोवती फेर धरून नाचतात. गाण्यांत शक्तिवाले आणि तुरेवाले यांचे सवालजवाब रंगतात. कोकणातील शेकडो तरुण मुंबईच्या कापडगिरण्यांत कामाला आले, तेव्हा ही जाखडीही त्यांच्याबरोबर आली. पाळी संपल्यावर, दाटीवाटीच्या खोल्यांतून बाहेर पडून, चाळीच्या चौकात त्यांनी फेर धरला. गणपतीला गावी जावयाचे आणि गावाच्या फेरात पुन्हा उभे राहावयाचे, या एका ओढीवर या चाकरमान्यांनी वर्षाचे अकरा महिने काढले. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, गिरणगावाचे रूप पालटले, चाळींच्या जागी मनोरे उभे राहिले. तरीही गणेशोत्सवात जाखडीचे मृदंग कोकणात आणि मुंबईत आजही वाजतात. ज्या नाचामागे माणसांचा जिव्हाळा आहे तो सहजासहजी मरत नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

आखाड्यातून शाळेकडे

लेझीम हा शब्द फारसीतून आला. सरावासाठी वापरावयाच्या, दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेल्या धनुष्यास ते नाव होते. ओढण्यास जड अशा या धनुष्याने दंड-छाती भरत असे. पुढे धनुष्याची जागा लाकडी दांड्याने घेतली, साखळीत पत्र्याच्या चकत्या आल्या, आणि आखाड्यातील व्यायामाचे रूपांतर तालबद्ध सामुदायिक नृत्यात झाले. हलगीचा कडकडाट सुरू झाला की लेझीम हाती असलेला गडी स्वस्थ उभा राहू शकत नाही. वाकणे, बसणे, उडी घेणे, गिरकी मारणे असा सर्वांगाचा व्यायाम त्यात होतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला आठवड्यातून किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम आवश्यक मानला आहे. लेझमीच्या पथकात रोज अर्धा तास घालविणाऱ्याचा हा हिशेब पाच दिवसांतच पुरा होतो, आणि तोही कंटाळा न येता.

शाळांच्या कवायतीत लेझमीला स्थान मिळाले आणि ती महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांत पोहोचली. १९८२ साली दिल्लीत झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनप्रसंगी मराठी लेझीमपथकाने देशाचे लक्ष वेधून घेतले. २०१४ च्या प्रजासत्ताकदिनी सांगलीत सात हजारांहून अधिक जण एकाच वेळी लेझीम खेळले. एकेकाळी पुरुषांच्या आखाड्यात असलेला हा खेळ आज शाळकरी मुलीही तेवढ्याच जोमाने खेळतात, ही त्याहून मोठी गोष्ट म्हटली पाहिजे.

गोफ हा प्रकार तर बुद्धीलाही चालना देणारा आहे. वर एका आकड्याला रंगीत दोऱ्या बांधलेल्या असतात. प्रत्येक खेळाडू एका हातात दोरी आणि दुसऱ्या हातात टिपरी धरून, आतबाहेर होत, समोरून येणाऱ्याला टाळत नाचतो. हळूहळू दोऱ्यांची वेणी विणली जाते. मग तीच पावले उलट टाकून गोफ उलगडावयाचा. एकाचे पाऊल चुकले तर गाठ राहते आणि ती सर्वांना दिसते. एका माणसाच्या चुकीने सर्वांचे काम अडते आणि सर्वांच्या सावधपणाने ते तडीस जाते, हा नागरिकशास्त्राचा धडा गोफाइतक्या सोप्या रीतीने क्वचितच शिकविता येईल.

फेर कोठे तुटतो?

स्वातंत्र्यानंतर लोकनृत्यांना मोठी प्रतिष्ठा मिळाली. दिल्लीत प्रजासत्ताकदिनाच्या निमित्ताने लोकनृत्यांचे महोत्सव भरू लागले, गावोगावच्या पथकांना राज्याबाहेर जाण्याची संधी मिळाली. १९८६ साली नागपूरला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राची स्थापना झाली. युवक महोत्सवांत, स्नेहसंमेलनांत लोकनृत्यांच्या स्पर्धा होऊ लागल्या. या साऱ्याचा लाभ निःसंशय झाला. एका जिल्ह्याचा नाच दुसऱ्या जिल्ह्याला ठाऊक झाला आणि आपल्या कलेची लाज वाटू लागलेल्या तरुणांना तिचा अभिमान वाटू लागला.

पण रंगमंचावर चढताना फेराला एक किंमत मोजावी लागली. मंचावर प्रेक्षकांकडे पाठ करता येत नाही. म्हणून वर्तुळ मध्येच फुटते आणि त्याचे अर्धवर्तुळ होते. आत वळलेले चेहरे बाहेर वळतात. रात्रभर चालणारा नाच सातआठ मिनिटांत बसवावा लागतो, त्यामुळे संथ पावले गळतात आणि गिरक्या, मनोरे, चटकदार वेष उरतात. पथकात चपळ तरुणच निवडले जातात. आजीबाई, लहान मुले, जरा जड अंगाचा शेजारी हे सारे खाली खुर्चीवर जाऊन बसतात. कालपर्यंत जे नाचत होते ते आज टाळ्या वाजवितात.

दुसरा आघात यांत्रिक आवाजाचा आहे. लग्नाच्या वरातीत आणि मिरवणुकीत भल्यामोठ्या ध्वनिवर्धकांच्या भिंती आल्या. त्यापुढे तरुण नाचतात हे खरे, आणि नाचण्याची हौस मुळीच वाईट नाही. परंतु तारपेकरी नाचणाऱ्यांची पावले पाहून सूर बदलतो, हलगीवाला दमलेल्या गड्याला श्वास घेऊ देतो. यंत्राला समोरचे माणूस दिसत नाही. आवाज इतका चढलेला असतो की शेजाऱ्याशी बोलता येत नाही, गाणे कोणी म्हणत नाही, आणि हलगीवाल्याच्या घरची चूल मात्र विझते.

तिसरे कारण याहून खोल आहे. नाचाला मोकळा वेळ लागतो आणि मोकळी जागा लागते. सुगी संपताच डोंगरपट्ट्यातील अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामासाठी बाहेर पडतात. पाडाच ओस पडल्यावर फेर कोणी धरावा? शहरात अंगणाच्या जागी वाहनतळ आला, चाळीचा चौक गेला, शाळेच्या मैदानावर खोल्या वाढल्या. ज्या घरात चार बायका हात पसरून फिरू शकत नाहीत, तेथे मंगळागौर भाड्याने बोलाविलेल्या संचाकडून करवून घेतली जाते. हे संच मेहनती असतात आणि त्यांनी अनेक विसरलेले खेळ जिवंत ठेवले आहेत. तथापि यजमानीणबाई स्वतः सोफ्यावर बसून आपलीच मंगळागौर पाहू लागल्या, तर खेळाचा प्राण हरपला असेच म्हणावे लागेल.

काय करता येईल?

यावर उपाय अवघड नाहीत आणि फारसे खर्चिकही नाहीत. शाळेत आठवड्यातून एक तास सर्व मुलामुलींनी मिळून लेझीम, टिपऱ्या किंवा त्या त्या भागातील नाच खेळावा. त्यात निवड नको, क्रमांक नको आणि बक्षीसही नको. वर्गातील लाजाळू मूल ज्या तासाला पुढे येते असा तो एक तास असेल. स्पर्धांच्या आयोजकांनी काही कार्यक्रम मंचावर न ठेवता मैदानाच्या मध्यभागी ठेवावेत आणि शेवटी प्रेक्षकांना फेरात येऊ द्यावे. गावाचा विकास आराखडा करताना जसा पाणवठा आणि रस्ता पाहिला जातो, तशी एक मोकळी जागाही राखून ठेवावी. गोव्यातील गावांनी धालोचा मांड राखला आहे, त्यामागचे शहाणपण हेच आहे.

वाद्य घडविणाऱ्यांचा प्रश्न विशेष तातडीचा आहे. नर्तक शंभर असतात, परंतु त्यांचा तारपा बनविणारा हात एखादाच असतो. तो थांबला की शंभरांची पावले थांबतात. अशा कारागिरांच्या हाताखाली दोनदोन तरुणांना शिकता येईल आणि त्या काळात त्यांच्या पोटापाण्याची सोय होईल, अशी व्यवस्था गावाने, संस्थेने आणि शासनाने मिळून केली पाहिजे. नाचांचे चित्रण करून ठेवणे चांगलेच, पण चित्रणातून पावले समजतात आणि कमरेला धरलेल्या शेजाऱ्याच्या हाताचा विश्वास मात्र समजत नाही. तो फेरातच शिकावा लागतो.

१९८२ पासून २९ एप्रिल हा दिवस जगभर आंतरराष्ट्रीय नृत्यदिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी थोर नर्तकांचे स्मरण होते, कार्यक्रम होतात, आणि ते योग्यच आहे. महाराष्ट्राने त्यात आपली एक भर घालावी. त्या संध्याकाळी प्रत्येक गावात, प्रत्येक वस्तीत एक फेर धरला जावा. हलगी असेल तर हलगी, नसेल तर टाळ्यांचा ताल पुरेसा आहे. पाऊल चुकले तरी चालेल, कारण तेथे परीक्षक कोणी नसणार. श्रोतेहो, वाटेत असा एखादा फेर दिसला तर कडेला उभे राहून पाहत बसू नये. दोन हात बाजूला होतील, मध्ये जागा होईल. त्या जागेत जाऊन उभे राहावे.